‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणजे नेमकं काय करू?

पत्र: माझं वय 27. चाकणजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या पार्टचं फायनल इन्स्पेक्शन करते. ठेकेदाराकडून आहे, तीन वर्षं झाली. आठ तास उभं राहून काम, मध्ये अर्धा तास जेवण आणि दोन चहा. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, नाइटही येते. पार्टचे क्रेट रॅकवरून टेबलावर आणि टेबलावरून ट्रॉलीवर आम्हीच ठेवतो, एकेक अकरा-बारा किलोचा. मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. आता चौदावा आठवडा चालू आहे, सोनोग्राफी चांगली आली आहे, हिमोग्लोबिन 9.6 आहे. सासूबाई म्हणतात, मागच्या वेळी टार्गेटचं टेन्शन घेतलंस म्हणून तसं झालं. डॉक्टरही म्हणाल्या, टेन्शन घेऊ नका. पण टार्गेट आहे, घराचे हप्ते आहेत. टेन्शन मी कुठे घेते, ते येतंच. आता तर रात्री जाग आली की वाटतं, माझ्या या विचारांनीच बाळाला काही होईल. काम सोडून देऊ का? सुपरवायझरला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ठेकेदार ब्रेक देईल, म्हणजे कामावरून थांबवेल, अशी भीती आहे.
– एक वाचक, चाकण परिसर

ताई, आधी मागच्या वर्षीचं बोलू. ती गाठ सुटल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच थांबतात. त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. बीज फळतानाच एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी आलेलं असतं, आणि असा गर्भ काही आठवडे वाढून थांबतो. तुमचं टार्गेट, घरातली कुरबुर, सुपरवायझरचा आवाज हे सगळं त्यानंतरचं. नवव्या आठवड्यात जे दिसलं ते बहुधा पहिल्या आठवड्यातच ठरलेलं होतं. एकदा असं झालेल्या बाईची पुढची खेप बहुतेक वेळा नीट पार पडते, म्हणून एका गर्भपातानंतर डॉक्टर सहसा मोठ्या तपासण्यांच्या मागेही लागत नाहीत. आणि चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफी चांगली असताना गर्भ जाण्याची शक्यता शेकड्यात एक-दोनवर आलेली असते.

आता टेन्शन. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, हे खरं. पण वारेमध्ये म्हणजे प्लासेंटात एक विकर (एन्झाइम) असतं, ते आईच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग बाळापर्यंत पोहोचण्याआधीच निष्क्रिय करून टाकतं. भांडण झालं, रिजेक्शन वाढलं, बस चुकली, रात्री तासभर रडू आलं, एवढ्यासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. महिनोन्‌महिने चालणारं नैराश्य, घरातली मारहाण, जिवाला घोर लागेल अशी सततची चिंता यांचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाशी दिसतो. तिथेही बराचसा परिणाम आडवाटेनं होतो: जेवण सुटतं, झोप उडते, तंबाखू वाढते, तपासणीच्या तारखा चुकतात. म्हणजे रात्री मनात येणाऱ्या विचारानं बाळाला इजा होत नाही. त्या विचारापायी झोप गेली आणि सकाळी पोटात काही न घालता बस पकडली, तर त्याचा हिशेब लागतो.

म्हणून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला आमच्या मते निरुपयोगी आहे. त्यात करण्यासारखं काहीच नाही, उलट टेन्शन आलं की अपराधी वाटायला आणखी एक कारण मिळतं. तुमच्या पत्रात बदलता येण्याजोग्या गोष्टी भरपूर आहेत: नाइट शिफ्ट, क्रेट, आठ तासांचं उभं राहणं, 9.6 हिमोग्लोबिन, आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण असणारच, लघवी धरून ठेवणं.

सगळ्यांत आधी नाइट. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे 22,700 गरोदर नोकरदार महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठव्या आठवड्यानंतर, ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केल्या त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचं प्रमाण रात्रपाळी न करणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त दिसलं. आकडा वाचून घाबरू नका. शेकड्यात दीड असेल तर तो दोन होतो, पन्नास होत नाही. मागच्या आठवड्यात नाइट झाली असेल तर ती झाली, तिच्याकडे वळून बघू नका. पण टाळता येण्यासारखी गोष्ट असेल तर टाळावी, आणि अर्जात पहिली मागणी हीच हवी: जनरल शिफ्ट, ती नसेल तर कायम पहिली. दर आठवड्याला शिफ्ट बदलणं हे कायमच्या एका शिफ्टपेक्षा शरीराला जड जातं, कारण झोपेचं घड्याळ एका वेळेला रुळेपर्यंत आठवडा संपलेला असतो.

बदल मिळेपर्यंत एखादी नाइट करावीच लागली, तर झोप दोन हप्त्यांत घ्या. सकाळी घरी आल्यावर पोटभर नाश्ता न करता दूध-पोहे किंवा भाकरी-भाजी असं थोडं खा, खिडकीला जाड चादर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि साडेआठ ते दीडपर्यंत झोपा. मग संध्याकाळी सातनंतर दीड-दोन तास. ‘दिवसा सुनेनं काय झोपायचं’ हा प्रश्न घरात येणार. तो आजच मिटवा. दिवसाची झोप ही तुमच्या नाइटची भरपाई आहे, लाड नाहीत. रात्री अकराआधी नीट जेवा, आणि पहाटे तीनच्या चहाबरोबर वडापावाऐवजी घरून नेलेलं काहीतरी खा: उकडलेलं अंडं, चणे-शेंगदाणे, थालीपीठ. पहाटे शरीर साखर नीट हाताळत नाही. तळलेलं आणि गोड तेव्हा जास्त बाधतं.

क्रेट. बारा किलो हा आकडा ऐकून सासूबाई ‘हातच लावू नकोस’ म्हणतील आणि सुपरवायझर ‘एवढं काय’ म्हणेल. दोघांचंही अर्धवट बरोबर आहे. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेनं सुचवलेल्या मर्यादा अशा आहेत: वजन अंगाजवळ धरून अधूनमधून उचलायचं असेल तर 20 आठवड्यांपर्यंत सुमारे 16 किलो आणि त्यानंतर 12 किलो. तेच काम दिवसात तासाहून जास्त वेळ सतत असेल तर 20 आठवड्यांपर्यंत 8 किलो आणि पुढे 6 किलो. म्हणजे बारा किलोचा क्रेट दिवसातून चार वेळा उचलणं वेगळं आणि शिफ्टमध्ये ऐंशी वेळा उचलणं वेगळं. तुम्ही करता ते दुसऱ्या प्रकारात बसतं. आकडे निरोगी बाईसाठी आहेत. हिमोग्लोबिन 9.6 असताना त्याहून खालीच राहा. उद्या एका शिफ्टमध्ये किती क्रेट उचलता ते मोजून वहीत लिहा. ‘जड काम होतं’ असं म्हटलं की वाद होतो. ‘बारा किलोचे ऐंशी क्रेट’ म्हटलं की वाद कमी होतो.

उंचीही तितकीच महत्त्वाची. नडगीच्या मध्याखालून आणि खांद्याच्या वरून काहीही उचलायचं नाही, वजन कितीही कमी असो. गरोदरपणात सांधे सैल होतात, आणि पोट पुढे आलं की क्रेट अंगापासून वीतभर लांब धरावा लागतो. तोच बारा किलो मग कमरेला दुप्पट लागतो. रॅकच्या सर्वांत खालच्या आणि वरच्या कप्प्याचं काम दुसऱ्यानं करायचं, एवढंही सुरुवातीला मान्य झालं तरी खूप झालं. क्रेट अर्धा भरून आणायची सोय झाली तर उत्तम.

उभं राहणं. पायातलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि ते चाललं तरच. एका जागी ताटकळलं की रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी परततं, चक्कर येते. विसाव्या आठवड्यानंतर वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवरही भार टाकतं. तासन्‌तास उभ्यानं काम करणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. थोडंच, पण उपाय इतका स्वस्त आहे की तो न करायला कारण नाही: एक स्टूल. तुमचं टेबल उभ्यानं काम करण्याच्या उंचीचं असेल तर साधी खुर्ची चालणार नाही, हात वर उचलून काम करावं लागेल आणि मान धरेल. उंच, पाठ असलेलं, पाय टेकायला आडवी दांडी असलेलं स्टूल मागा. बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला यायला हवं. अर्धा तास बसा, अर्धा तास उभ्या राहा. सबंध दिवस बसणंही बरं नाही. उभं असताना एक पाय दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर किंवा पालथ्या रिकाम्या क्रेटवर ठेवा आणि पाय बदलत राहा. पायाखाली रबरी मॅट असेल तर ती तुमच्याकडे ओढून घ्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी टाचा पंधरा-वीस वेळा वर-खाली करा. पायांवर शिरा उठत असतील तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या. ते सकाळी बिछान्यातून उठायच्या आधी चढवायचे, पाय सुजल्यावर चढवून उपयोग नाही. सेफ्टी शूज सुजेनं आवळायला लागले की एक नंबर मोठे मागून घ्या.

आता लघवीचं. टॉयलेट शॉपच्या म्हणजे कामाच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला, जायचं तर लाइनवर बदली माणूस हवा, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. गरोदरपणात हे अंगलट येतं. मूत्रमार्ग सैल पडलेला असतो, लघवी साचून राहते, जंतुसंसर्ग चटकन होतो, कधीकधी काहीही त्रास न होता. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर ताप येतो, कळा लवकर सुरू होऊ शकतात. आठ तासांच्या शिफ्टमध्ये दीड लिटर पाणी संपलं पाहिजे, शेडमध्ये उकाडा असेल तर जास्त. लघवीचा रंग फिका पिवळा राहिला की पाणी पुरेसं आहे असं समजा. दर दोन तासांनी, लागली नसली तरी जाऊन या. जळजळ, वारंवार थोडीथोडी होणं, ओटीपोटात दुखणं सुरू झालं तर मेडिकलमधून गोळी आणू नका, लघवीची तपासणी करून डॉक्टरांकडूनच औषध घ्या. संसर्ग काहीही त्रास न देताही असू शकतो म्हणून नेहमीच्या तपासणीत लघवी तपासली गेली का, हे विचारा.

तेल आणि थिनर. इन्स्पेक्शनला येणाऱ्या पार्टवर गंज न लागण्याचं तेल असतं, आणि खुणा पुसायला थिनर. सुती हातमोजे तेल शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात. त्याऐवजी नायट्राइलचे, म्हणजे तेल आत न जाऊ देणाऱ्या कृत्रिम रबराचे हातमोजे मागा. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं, ते श्वासातून रक्तात आणि तिथून बाळापर्यंत जातं. पुसण्याचं काम बंद खोलीत असेल तर ते तुमच्याकडून काढून घ्यायला हवं. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-माहितीपत्रक कंपनीकडे असतं, सेफ्टी ऑफिसरकडून त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. हात थिनरनं धुण्याची सवय असेल तर आजपासून साबण. आवाजाचं इतकंच: कानातले प्लग तुमचे कान वाचवतात, बाळाचे नाही. विसाव्या आठवड्यानंतर बाळाला ऐकू येऊ लागतं. प्रेस मशीनच्या शेजारी नेमणूक असेल तर लांबची जागा मागा.

आता 9.6. गरोदर बाईत 11 च्या खाली रक्तक्षय धरतात. 7 ते 9.9 म्हणजे मध्यम. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर महिला या 11 च्या खालीच होत्या, म्हणून ‘सगळ्यांचंच कमी असतं’ असं म्हणून हे सोडून दिलं जातं. दुपारनंतर पाय ओढणं, जिना चढताना धाप, चिडचिड, टार्गेट जमणार नाही अशी धास्ती या सगळ्याला टेन्शन हे एकच नाव दिलं जातं. त्यातलं निम्मं रक्त कमी असल्याचं असू शकतं.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असणाऱ्यांना दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, तुमच्यासारख्या मध्यम रक्तक्षयात रोज दोन. डॉक्टरांनी दुसरं काही लिहून दिलं असेल तर तेच घ्या, दोन्ही एकत्र नको. गोळी घेतली तरी रक्त वाढत नाही याचं नेहमीचं कारण चहा. गोळीच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर दोन्ही वाया. तुमच्या पहिल्या शिफ्टच्या दिवसाला हे असं बसतं: सकाळच्या नाश्त्याबरोबर कॅल्शियम, दुपारी घरी आल्यावर लिंबूपाण्यासोबत लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम, झोपताना दुसरं लोह. शौचाला काळी होते, ती होऊ द्या. मळमळ फारच झाली तर गोळी जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण बंद करण्यापेक्षा बरं. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळीही देतात, ती घेतली का विचारा. महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं. निदान 1 नं वाढायला हवं. वाढलं नाही तर शिरेतून लोह देतात, आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे का हेही बघावं लागतं.

साखरेची तपासणी झाली नसेल तर करून घ्या: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी रक्त. उपाशी असायची गरज नाही, म्हणजे सुट्टी न घेता शिफ्टआधीही होते. 140 किंवा जास्त आली तर उपचार. आता एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. दिवसाला दोन-तीन कप चहानं काही बिघडत नाही. कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, आणि साध्या चहाच्या कपात ते साधारण 30 ते 50 असतं. आणखी एक, तुमच्या पत्रात उल्लेख नाही तरी विचारतो: मशेरी. ती दात घासायलाच लावतात, खात नाहीत, म्हणून कुणी तंबाखूत मोजत नाही. मुंबईत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती. घरात कुणी लावत असेल आणि तुम्हालाही सवय असेल तर नोकरीतल्या टेन्शनआधी ती सोडायची.

आता काम सोडण्याचा प्रश्न. आमचं म्हणणं: सोडू नका, बदलून घ्या. घरी बसून पडून राहण्यानं गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळीची शक्यता वाढते, अंगातली ताकद जाते. आणि तुमच्या बाबतीत पगार जातो, हप्त्यांची काळजी दुप्पट होते, शिवाय प्रसूतीचे जे पैसे हक्कानं मिळणार आहेत तेही हातचे जाऊ शकतात.

ते पैसे किती, हे कागदावर मांडलंत की रात्रीच्या विचारांपैकी बरेच कमी होतील. पगाराच्या पावतीवर ई.एस.आय.ची 0.75 टक्के कपात दिसते का बघा. दिसत असेल तर लाभ थेट राज्य कामगार विमा महामंडळाकडून मिळतो, ठेकेदाराच्या मर्जीवर नाही: मागच्या दोन अंशदान काळांत 70 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर 26 आठवड्यांचं पूर्ण सरासरी वेतन. अंशदान काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ई.एस.आय. नसेल तर 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता: प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की 26 आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी. आधी 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात आणि त्याच्या 2017 च्या दुरुस्तीत याच तरतुदी होत्या, नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा या संहितेनं घेतली. ठेकेदाराची कामगार म्हणून हा हक्क जात नाही. गर्भारपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळू शकतो. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची भरपगारी रजा असते, मागच्या वर्षी ती कुणी सांगितली नसावी.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि त्याआधीच्या एका महिन्यात, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, तुम्ही मागणी केली तर कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, असं कायदा म्हणतो. तुमचा चौदावा चालू आहे. आत्ता जे हवं ते डॉक्टरांच्या दाखल्यावर आणि समजुतीनं मिळवावं लागेल. दुसरं, लाभ बुडवण्यासाठी गरोदर बाईला काढून टाकलं तरी तिचा लाभ जात नाही, आणि त्याविरुद्ध 60 दिवसांत दाद मागता येते. त्यासाठी तुम्ही गरोदर आहात हे त्यांना माहीत होतं याचा कागद लागतो. म्हणून लपवणं हे तुमच्याच विरुद्ध जातं. सुपरवायझरला तोंडी सांगण्याआधी एच.आर.ला लेखी द्या, प्रत ठेकेदाराला, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. सही देत नसतील तर ई-मेल किंवा रजिस्टर पोस्ट. तीन वर्षांच्या पगाराच्या पावत्या, गेटपास, हजेरीचे फोटो एका जागी करून ठेवा. दर सहा-आठ महिन्यांनी ब्रेक दाखवून दुसऱ्या नावानं घेतलं असेल तर त्या तारखाही लिहून काढा.

दाखला नेमका हवा. इथे हमखास चूक होते. डॉक्टर ‘विश्रांतीचा सल्ला’ लिहितात, आणि कंपनी म्हणते, मग घरी बसा, बिनपगारी. ‘लाइट ड्यूटी’ लिहिलं की सुपरवायझर म्हणतो, इन्स्पेक्शन लाइटच आहे. डॉक्टरांना क्रेटचं वजन आणि आकडा सांगा आणि असं लिहून मागा: ‘कामासाठी तंदुरुस्त. रात्रपाळी नको. 6 किलोपेक्षा जास्त वजन वारंवार उचलणं नको. बसून काम करण्याची सोय, दर दोन तासांनी 10 मिनिटं विश्रांती. प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक.’ तुमचा अर्ज चार ओळींचा पुरे: नाव, टोकन नंबर, कितवा आठवडा, ‘दाखल्यात लिहिल्याप्रमाणे कामात बदल करावा ही विनंती’. मागच्या गर्भपाताचा उल्लेख करायची गरज नाही. गेज तपासणं, रिपोर्ट भरणं, स्टिकर लावणं असं बसून होणारं काम तुमच्या शॉपमध्ये कुठलं आहे, ते शोधून त्याचं नाव अर्जात घातलंत तर ‘जागा नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं.

बसमध्ये मागच्या चाकावरची सीट टाळा, पुढच्या अर्ध्या भागात बसा. धक्क्यांनी गर्भ पडत नाही, पण कंबर कामातून जाते. यजमानांच्या गाडीवर बसाल तर दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट घालून.

रात्री जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बाहेर बसा, चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. जो विचार छळतोय तो वहीत लिहा आणि त्यापुढे उद्या कुणाला काय विचारायचं तेवढंच लिहा. डाव्याच कुशीवर झोपायची सक्ती आत्ता नाही. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुठल्याही एका कुशीला वळा, उताणं नको. झोपेत उताण्या झालात तर पुन्हा वळा, बस. पण सलग दोन आठवडे रोजच मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, जेवण तुटलं, किंवा जगणं नको असा विचार आला, तर हे टेन्शन नव्हे, आजार आहे, आणि गरोदरपणात त्यावर उपचार होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या गोष्टी शिफ्ट संपायची वाट न बघता, त्याच वेळी दवाखाना: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, थांबून थांबून पण नेमानं येणाऱ्या कळा, ताप, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. शेवटच्या चार खुणा वाढलेल्या रक्तदाबाच्या असतात, 140/90 च्या वर गेला की वाट बघायची नाही. 28 आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी त्याच दिवशी. गाडीसाठी 108 किंवा 102. हे दोन क्रमांक लाइनवरच्या शेजारणीच्या फोनमध्येही टाकून ठेवा, तुमचा फोन लॉकरमध्ये असतो.

अठरा ते वीस आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी असते. त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा, मागचा गर्भ टेन्शननं गेला होता का. उत्तर तुम्ही देऊ नका, डॉक्टरांना देऊ द्या.